चाकांवरचे बिऱ्हाड आणि मुक्कामाचा हक्क

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी केरळनेही अशीच योजना पुढे आणली. झोपण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी आणि शौचालय एवढी सोय असलेले वाहन घेऊन कुटुंबाने निघावे, जेथे हॉटेल नाही अशा गडाच्या पायथ्याशी किंवा जलाशयाच्या काठी उतरावे आणि दोन दिवसांनी पुढचा रस्ता धरावा, अशी ही कल्पना आहे. तिचे स्वागत करण्यास हरकत नाही. मात्र या विषयाची जी चर्चा होते, ती बहुधा वाहनाची होते. त्याची किंमत किती, त्यात किती माणसे झोपतात, करात सवलत कोणती, यापुढे ती सहसा जात नाही. वस्तुतः चाकांवरच्या घराचा प्रश्न चाकांचा नसून थांबण्याचा आहे. घर कोठे उभे करावयाचे, तेथे पाणी कोण देणार, घाण कोठे टाकावयाची आणि ‘येथून निघा’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या समाजाने दिली नाहीत, त्याच्याजवळ वाहने असतील. फिरत्या घराची व्यवस्था असणार नाही.

कॅराव्हॅन ही मध्यमवर्गीयांची नित्याची सुटी बनली, अशा देशांत इंग्लंडचा क्रमांक वरचा आहे. तेथील रूढ कॅराव्हॅनला स्वतःचे इंजिन नसते. मोटारीमागे जोडून ती ओढली जाते. तिच्यातील दिनचर्या बारकाईने पाहिली, तर स्वच्छंद भटकंतीच्या आपल्या कल्पनेला बराच धक्का बसतो. निघण्यापूर्वी सामान भरणे हीच एक विद्या आहे. जड वस्तू खाली आणि आसाच्या जवळ ठेवावी लागते, हलकी वर. मागच्या टोकाला वजन फार झाले, तर वेगात कॅराव्हॅन डावीउजवीकडे झोके खाऊ लागते आणि मोटारीसकट उलटू शकते. म्हणूनच दुभाजक नसलेल्या रस्त्यावर अशा जोडवाहनाला ताशी ५० मैल आणि मोटारमार्गावर ६० मैल ही वेगाची कायदेशीर कमाल मर्यादा आहे.

मुक्कामावर पोहोचल्यावर पहिले काम जमीन समतल साधण्याचे. एका चाकाखाली पाचर सरकवून कॅराव्हॅन सरळ करावयाची आणि मग चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडावयाचे. हे केवळ झोपण्याच्या सोयीसाठी नव्हे. गॅसवरही चालणारा त्यातील शीतकपाट कलत्या जागी नीट काम करीत नाही. दोन कॅराव्हॅनांमध्ये सहा मीटर अंतर ठेवण्याचा दंडक आहे. कारण एकीला आग लागली तर दुसरी वाचली पाहिजे. भिंतीतील व जमिनीतील हवेच्या फटी थंडीतही बुजवावयाच्या नाहीत. कारण बंद जागेत गॅस अपुरा जळला, तर विषारी वायू झोपेतच प्राण घेतो. हिवाळ्यात ब्युटेनचा सिलिंडर कामाचा नाही. शून्य अंशाच्या आसपास त्याचे वाफेत रूपांतर होईनासे होते आणि चूल विझते. तेव्हा प्रोपेन लागतो.

यानंतर पाणी. तेथे रूढ असलेला पिंप ४० लिटरचा असतो. तळावरच्या नळापर्यंत तो लोळवीत न्यावयाचा, भरावयाचा आणि परत आणावयाचा. धुण्याभांड्यांचे सांडपाणी दुसऱ्या भांड्यात साठते, ते नेमून दिलेल्या मोरीतच ओतावयाचे. शौचालयाची काढघालीची टाकी वीसेक लिटरची; दोनतीन दिवसांत ती हाताने नेऊन ठरल्या ठिकाणी रिकामी करावी लागते. आपल्या देशात शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन दरमाणशी रोज १३५ लिटरच्या मापाने केले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे ४० लिटरच्या पिंपाचा अर्थ कळतो. पक्क्या घरात नळ सोडला की पाणी येते आणि साखळी ओढली की घाण जाते. ते कोठून आले आणि ती कोठे गेली, याचा विचार कोणी करीत नाही. कॅराव्हॅनमध्ये प्रत्येक तांब्या मोजला जातो आणि प्रत्येकाला आपली घाण स्वतःच्या हातांनी उचलावी लागते. ज्या समाजात हे काम शतकानुशतके एका जातीच्या माथी मारले गेले, त्याला या सुटीतून आणखी काही मिळाले नाही तरी एवढा धडा मिळावा.

परंतु हा सारा संयम कशाच्या आधारावर उभा आहे? पिंप भरावयाला नळ आहे, टाकी रिती करावयाला जागा आहे आणि रात्री दार ठोठावून कोणी हुसकावणार नाही अशी हमी आहे म्हणून. या तीन गोष्टी काढून घ्या. तीच सुशिक्षित, नीटनेटकी कुटुंबे आठवड्याभरात रस्त्याच्या कडेला सांडपाणी ओतताना दिसतील आणि गावकरी त्यांना घाणेरडी म्हणतील. स्वच्छता हा पुष्कळ अंशी सोयीचा गुण आहे. वंशाचा वा संस्काराचा तो गुण आहे, असे सोय असलेल्यालाच वाटते.

हे केवळ तर्काने म्हणतो असे नाही. इंग्लंडच्याच इतिहासात एकाच प्रकारच्या वाहनाला दोन निराळी नशिबे लाभली. हौशी कॅराव्हॅनचा आरंभ १८८५ साली झाला, असे सामान्यतः मानले जाते. त्या वर्षी निवृत्त नौदल-शल्यचिकित्सक गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टल येथील कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बांधून घेतली आणि तिच्यातून देशभर प्रवास केला. बरोबर गाडीवान होता, आणि रस्ता मोकळा करण्यासाठी तीनचाकी सायकलवरून पुढे जाणारा सेवकही होता. १९०७ मध्ये हौशी मंडळींचा कॅराव्हॅन क्लब निघाला. पहिल्या महायुद्धानंतर मोटारीने ओढावयाच्या कॅराव्हॅना कारखान्यात तयार होऊ लागल्या आणि जुन्या उमरावी छंदाची हळूहळू नोकरदारांची सुटी झाली.

या हौशी मंडळींनी नमुना उचलला तो ज्यांच्याकडून, त्या रोमानी लोकांना इंग्रज ‘जिप्सी’ म्हणत. चाकांच्या घरात राहणे ही त्यांची सुटी नव्हती. तो त्यांचा संसार होता. हंगामाप्रमाणे शेतावर फळे व हॉप तोडणे, घोड्यांचा व्यापार, कल्हई आणि धारा लावणे यांवर त्यांची गुजराण चाले. या लोकांशी आपले नाते दूरचे असले तरी खरे आहे. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले, हे भाषाशास्त्राने निर्विवाद सिद्ध केले आहे. त्यांच्या भाषेत आजही पाण्याला पाणी, नाकाला नाक, कानाला कान आणि पाचाला पांज म्हणतात. आणखी एक गोष्ट मराठी वाचकाच्या चटकन ध्यानात येईल. भांडी धुण्याचे पातेले आणि अंग धुण्याचे पातेले एक असता कामा नये, राहत्या गाडीच्या आत शौचालय असू नये, असे त्यांचे कडक नियम आहेत. आपल्या आजीच्या सोवळ्याओवळ्याशीच ते जुळतात. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अस्वच्छ म्हणून हिणवले गेले, त्यांचे शुद्धीचे नियम हिणवणाऱ्यांहून कडक होते!

आता कायद्याने काय केले ते पाहावे. १९५९ च्या महामार्ग कायद्यात हमरस्त्याच्या जागेवर जिप्सीने तळ देणे हा गुन्हा ठरविण्यात आला. कलमात ‘जिप्सी’ हा शब्दच घातला होता. तेच कृत्य सुटीवर आलेल्या गृहस्थाने केले तर ते कलम त्याला लागू नव्हते. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, कॅराव्हॅन तळांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. हेतू वाईट नव्हता. युद्धोत्तर घरटंचाईत वाटेल तेथे वसलेल्या गलिच्छ तळांना शिस्त लावावयाची होती. पण परवान्याच्या अटी पुऱ्या करणे ज्यांना परवडेना, अशा शेतकऱ्यांनी जिप्सींना शेतात उतरू देणे बंद केले. गावच्या सामाईक कुरणांवर कॅराव्हॅना आणण्यास मनाई करण्याचा अधिकार ग्रामीण परिषदांना मिळाला आणि तो त्यांनी सढळ हाताने वापरला. तळ स्वतः उभारण्याचा अधिकारही त्याच कायद्याने स्थानिक परिषदांना दिला होता; पण तो ऐच्छिक होता, म्हणून बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. याच कायद्याच्या परिशिष्टात मान्यताप्राप्त हौशी क्लबांना मात्र एक सवलत होती. पाचांपर्यंत कॅराव्हॅनांचा छोटा तळ सभासदांच्या सुटीसाठी परवान्याशिवाय मंजूर करण्याचा अधिकार त्यांना मिळाला. एका वर्गाला शेतकऱ्याच्या शेतात उतरण्याची वाट मोकळी झाली, दुसऱ्याला तेच शेत बंद झाले.

त्याचे परिणाम इतके उघड होते, की १९६८ साली लिबरल खासदार एरिक लबक यांच्या पुढाकाराने नवा कायदा झाला आणि जिप्सींसाठी तळ पुरविणे हे स्थानिक परिषदांचे कर्तव्य ठरले. हे कलम १९७० पासून अमलात आले. अनेक परिषदांनी चालढकल केली. जे तळ बांधले, त्यांतील कित्येक गावाबाहेर, कचराडेपो, मैलापाणी केंद्र किंवा मोटारमार्ग यांच्या कडेला होते. तरीही हजारो कुटुंबांना नळ, वीज आणि मुलांना शाळा मिळाली, ती या कायद्यामुळे. १९९४ मध्ये हे कर्तव्य रद्द करण्यात आले. २०२२ च्या पोलीस कायद्याने तर परवानगीवाचून वाहनासह वस्ती करणाऱ्याने सांगूनही जागा न सोडल्यास आणि नुकसान, व्यत्यय किंवा त्रास झाला वा होण्याचा संभव असल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद आणि वाहनाची जप्ती अशी तरतूद केली. ज्याचे वाहन हेच घर, त्याची जप्ती म्हणजे काय, हे सांगावयास नको. एकदा हटविलेल्या कुटुंबाला त्या जागी परतण्यास असलेली बंदीही तीन महिन्यांवरून बारा महिन्यांची झाली. मे २०२४ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ही मुदतवाढ मानवी हक्कांशी विसंगत असल्याचा निर्णय दिला. थांबावयाला जागा नाही आणि थांबले तर गुन्हा, या पेचाचीच न्यायालयाला दखल घ्यावी लागली.

इंग्लंडची ही कथा आपण दुरून पाहून सोडून द्यावी अशी नाही. इंग्रजी ‘कॅराव्हॅन’ हा शब्द मुळात फारसी ‘कारवान’. आपल्याकडे त्याला तांडा म्हणतात. धान्य आणि मीठ बैलांवर लादून दख्खन ओलांडणाऱ्या बंजाऱ्यांचे तांडे, मेंढरांमागे कोकण आणि देश यांच्या वाऱ्या करणारे धनगर, गाढवावर बिऱ्हाड घालून गावोगाव जाणारे कैकाडी, ही आपली चालती घरे होती. त्यांना गुन्हेगार ठरविणारा कायदा इंग्रज सरकारने १८७१ मध्ये केला, १९११ मध्ये तो देशभर लागू करण्याची सोय केली आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. हा कायदा स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये रद्द केला. तथापि गावात पाल पडले की पोलीस पाटलाला वर्दी जाण्याची रीत कायद्याबरोबर गेली नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा पांढरपेशा वाचकाला हे जग प्रथमच आतून दिसले. त्यालाही आता चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे.

आजच्या महाराष्ट्रातील सर्वांत मोठा तळ मात्र ऊसतोडणी कामगारांचा. मुकादमाकडून उचल घेऊन बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतील लक्षावधी माणसे दिवाळीच्या सुमारास बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये संसार घालून निघतात आणि पाचसहा महिने कारखान्याच्या आसपास, उसाच्या फडाजवळ खोपीत राहतात. नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. पहाटे काळोखात स्त्री उठते, पाण्याच्या शोधात जाते, चूल पेटवते, दिवसभर मोळ्या वाहते आणि शौचासाठी पुन्हा काळोखाचीच वाट पाहते. कॅराव्हॅनच्या दिनचर्येतील प्रत्येक बाब, म्हणजे मोजके पाणी, छोटी जागा, रोजची आवराआवर, येथेही आहे. नाहीत त्या तीनच गोष्टी: नळ, मोरी आणि हमी.

आता मूळ धोरणाकडे वळू. पर्यटकांच्या कॅराव्हॅन तळाला पाणी, वीज, रस्ता आणि सांडपाण्याची व्यवस्था हवी, हे शासनाने तत्त्वतः मान्य केले आहे. म्हणजे फिरत्या माणसालाही नागरी सोयी लागतात, त्या पुरविता येतात आणि त्यासाठी जागा नेमता येते, हे आता कोणाला नव्याने पटवून द्यावे लागू नये. प्रश्न एवढाच, की हे तत्त्व सुटीवर निघालेल्या माणसालाच लागू करावयाचे, की पोटासाठी निघालेल्यालाही?

यावर दोन आक्षेप येतील आणि ते क्षुल्लक नाहीत. पहिला असा, की पर्यटन हा व्यवसाय आहे; पर्यटक पैसे देतो, त्याच्या तळाचा खर्च त्यातून निघतो. दुसरा असा, की भटक्यांना तळ देणे म्हणजे त्यांचे भटकेपण कायम करणे. त्यांना पक्की घरे द्यावीत, तळ नव्हेत. पहिल्याचे उत्तर असे, की ऊसतोडणी कामगारही फुकट राहत नाही. त्याच्या कोयत्यावाचून कारखान्याचे धुराडे पेटत नाही आणि त्याच्या मुक्कामाचा खर्च हा साखरेच्या उत्पादनखर्चाचाच भाग मानला पाहिजे. तो आज कोणाच्या हिशेबात येत नाही, म्हणून तो त्या स्त्रीच्या शरीरातून वसूल होतो. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. ज्याला स्थिर व्हावयाचे आहे त्याला घर मिळालेच पाहिजे. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेसारख्या योजना त्याचसाठी आहेत. परंतु गावी पक्के घर असलेला कामगारही सहा महिने फडावरच असतो. घर एका जिल्ह्यात आणि रोजगार दुसऱ्यात, ही स्थिती बदलेपर्यंत मुक्कामाची सोय टाळण्यास घराची योजना हे उत्तर होऊ शकत नाही.

गावकऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. उघड्यावरची घाण, विहिरीवरचा ताण, गायरानाचा वापर, या तक्रारी पुष्कळदा खऱ्या असतात. पण नेमलेली जागा, पाण्याचे टाके, स्त्रियांसाठी बंदिस्त शौचालये आणि न्हाणी, दिव्याची सोय आणि किती दिवस राहता येईल याचा स्पष्ट नियम, एवढे केले तर तक्रारीचे मूळच नाहीसे होते. ऊसपट्ट्यात हा खर्च कारखान्यांनी उचलावा, इतरत्र शासनाने ग्रामपंचायतीला त्याची भरपाई द्यावी आणि तळाची जबाबदारी ऐच्छिक न ठेवता ते कर्तव्य ठरवावे. इंग्लंडचा १९६० ते १९९४ पर्यंतचा अनुभव हेच सांगतो. जेथे ‘करता येईल’ असे लिहिले तेथे झाले नाही. ‘करावे लागेल’ असे लिहिले तेथे थोडेतरी झाले. आणि तो शब्द पुसल्यावर गाडे पुन्हा मागे गेले.

राहिला भाग तुमच्याआमच्या हातचा. या वृत्तपत्राचा वाचक बहुधा शाळेत किंवा कचेरीत असतो, आणि फिरत्या कुटुंबाची गाठ राज्यसंस्थेशी पडते ती नेमकी तेथेच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे दाखल्याला उशीर झाला, म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही, म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची पद्धत आपल्या राज्यात आहे, गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची तरतूद आहे. शिधापत्रिकेवरचे धान्य दुसऱ्या ठिकाणी उचलता येते. या तरतुदी ज्यांच्यासाठी केल्या त्यांना त्या ठाऊक नसतात. ठाऊक असतात त्या मुख्याध्यापकाला आणि लेखनिकाला. नोव्हेंबरात खोपीतले मूल शाळेच्या फाटकाशी उभे राहिले तर त्याला आधी वर्गात बसवून मग कागद मागवावयाचे, की कागद नाहीत म्हणून परत पाठवावयाचे, हा निर्णय मंत्रालयात होत नाही. ‘कायमचा पत्ता’ हा रकाना रिकामा दिसला म्हणजे अर्ज बाजूला सारावयाचा की नियम उघडून पाहावयाचा, हेही मंत्रालयात ठरत नाही.

कॅराव्हॅन पर्यटन वाढावे. सह्याद्रीच्या कुशीत सोयीचे तळ व्हावेत आणि शिक्षक-लेखनिकाच्या कुटुंबालाही कधीतरी भाड्याच्या गाडीतून तेथे दोन रात्री काढता याव्यात. मात्र त्या तळावर नळ सोडताना एवढे लक्षात असावे, की त्याच रस्त्याने पुढे काही मैलांवर, त्याच महिन्यात, चाकांवरूनच आलेले दुसरे एक कुटुंब हंडा घेऊन पाणी शोधीत आहे. दोघांचीही गरज एकच आहे. राज्याने ती एकाला सोय म्हणून पुरवावी आणि दुसऱ्याचा अपराध मानावा, याला धोरण म्हणता येणार नाही.